आत्याच्या खळ्यावरची आमची टीम

कंपनीला भरघोस नफा झाला आणि आमची अख्खी टीम घरी बसली.
तेव्हा ज्या बाईनं आम्हाला कामावर घेतलं, ती आज पहाटे गेली.

माझी विंझरची आत्या.

लेऑफनंतर मी घरी काही न बोलता थेट तिच्याकडे गेले होते. ती खळं सारवत होती.

"आज मंगळवार. सुट्टी हाय व्हय?"
"नोकरी गेली, आत्या."
"कंपनी बुडाली?"
"नाही गं. उलट प्रॉफिट झालाय."

शेणाचा हात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.
"रास चांगली पडली आन् गडी हाकलले? कसली गं माणसं ही!"

तिच्याकडे भाताची रास पडली की खळ्यावर आलेल्या प्रत्येकाला सूपभर भात मिळायचा. कुणीच रिकाम्या हाताने जायचं नाही.

"बोलीव तुज्या माणसांस्नी. भाताच्या झोडणीला हात कमीच हायेत."

आले की सगळे! पेंढी कुठून धरायची इथपासून सुरुवात. निम्मा भात खळ्याबाहेर उडाला. आत्या हसून हसून बेजार.

फक्त सलील अजून पोचला नव्हता. आमचा मॅनेजर. लेऑफच्या कॉलवर आमची नावं त्यानेच वाचली, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं नाव दुसऱ्या कुणीतरी वाचलं. मला त्याचा जाम राग होता.

ग्रुपवर वाचून साहेबही निघाले होते, पण नसरापूरचं वळण चुकून कापूरहोळला पोचले होते. इकडे आमच्या पोटात कावळे.

"वाढ ना आत्या. त्यानेच तर काढलं आम्हाला."
"काढलं आसंल. हितं तो माज्या खळ्यावरचा गडी हाय. एक माणूस कमी हाय. पानं वाढायची न्हाईत."

तो आला, मगच जेवलो. संध्याकाळी पहिलं सूप आत्याने त्याच्याच पिशवीत ओतलं. सलील सगळ्यांदेखत रडला. माझा राग तिथेच संपला.

पुढे नोकऱ्या लागल्या, शहरं बदलली. पण झोडणीला ज्याला जमेल तो यायचाच. सलील दरवर्षी वळण चुकायचा.

आज सकाळी ग्रुपवर एवढंच टाकलं, आत्या गेली.
दुपारपर्यंत अंगण भरलं.

तयारी झाली. आत्याचा मुलगा, आमचा दादा, म्हणाला, "न्यायचं का आता?"

तेवढ्यात फोन वाजला.
"अगं, परत चुकलो. कापूरहोळला आहे."

मी दादाला म्हटलं, "थांब जरा. एक माणूस कमी आहे."

दादा आत्याच्या उशाशी जाऊन बसला.
आम्हीही बसलो. सलील आला, मगच उठलो.

सगळे आले गं आत्या. आता सावकाश जा.