खालाची रंगीत तालीम

टाचणीचं खरं नाव नाटकगृहात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि घरीही आताशा कुणी ते घेत नसे. ओठांत चार टाचण्या धरूनच ती बोलायची, हसायची आणि वेळ पडली तर बड्या नटीला दमही भरायची. कुणीतरी एकदा 'टाचणे' अशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच.

तिचं राज्य म्हणजे कपडेपट. रंगमंचाच्या उजव्या अंगाला तीन पायऱ्या उतरून गेलं की बिनखिडकीची खोली. लोखंडी दांड्यांवर राजे, भिकारी, वकील आणि नवऱ्या मुली खांद्याला खांदा लावून लटकलेल्या. पहिल्या प्रवेशातली दासी दुसऱ्या प्रवेशात राणी होऊन यायची असली, की मध्ये मिळायचे चाळीस सेकंद. बाजूच्या अंधारात टाचणी एका हाताने चादर धरायची आणि दुसऱ्या हाताने, चादरीआडून, जुना पोशाख उतरवून नवा चढवायची. नजर वर, छताकडे. हुक शोधायचं काम बोटांचं. नट्या म्हणत, "तिच्या हातात असताना आपण उघडे आहोत असं वाटतच नाही."

हेच हात आणखी एका कामाला लागले होते. खाला म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा खालानंच तिला आणि तिच्या थोरल्या भावाला वाढवलं. भाऊ लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहू लागला आणि खालाच्या दोन खोल्यांत या दोघी उरल्या. वस्तीतल्या मुसलमान बायकांना मरणानंतरची शेवटची आंघोळ घालायची ती खालानंच, असा चाळीस वर्षांचा रिवाज. बाईला बाईनंच न्हाऊ घालायचं, उजव्या अंगानं सुरुवात करायची, शेवटच्या पाण्यात कापूर, आणि सगळं झाकल्या चादरीखालून. टाचणी बावीस वर्षांची झाली तेव्हा खालानं तिला पहिल्यांदा बरोबर नेलं. परतताना एवढंच म्हणाली, "तुझी नजर वर होती. हे शिकवून येत नाही." आणि मग जरा थांबून, "मला तूच घालायचीस हं. आत्ताच सांगून ठेवते. दुसरी कुणी आली तर मी उठून बसेन!"

टाचणीनं हसत शब्द दिला होता. तो द्यायला तेव्हा काही अडचण नव्हती.

अडचण आली ती एका दुपारी, आणि आली तीही पावलं न वाजवता. टाचणी एका दरबारी अंगरख्याची बाही शिवत होती. नमाजाची वेळ झाली. नेहमीसारखी तिनं सुई खोचून ठेवली, उठायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. मी उठतेय ती कुणासाठी? प्रश्नात राग नव्हता. दार वाजल्यावर आतून 'कोण आहे' म्हणावं, तितका तो साधा होता. बाहेरून उत्तर आलं नाही. ती परत बसली, बाही पुरी केली आणि आता काय होतंय याची वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. बाही तेवढी छान बसली.

तिनं परत प्रयत्न केला नाही असं नाही. महिनाभर मन लावून पाचही वेळा उभी राहिली. पण आपलाच जुना कपडा आणि बाहीत हात जाईना, अशी गत. पुढच्या रमजानात रोजे धरले ते सवयीनं. त्याच्या पुढच्या वर्षी अकराव्या रोज्याला कपडेपटात ग्लासभर पाणी प्यायली आणि रिकाम्या ग्लासाकडे बघत बसली. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. उलट एकटं वाटलं. घाबरल्यावर मनातल्या मनात ज्याला हाक मारायची, ती जागा रिकामी होती. भीती मात्र होती तिथेच होती.

घरी सांगायची सोय नव्हती. वस्तीतल्या एका मास्तरांनी एकदा हेच भर बैठकीत सांगून टाकलं होतं. दीड महिन्यात बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, बायकोला माहेरचे घेऊन गेले, आणि सलामाला कुणी उत्तर देईना. मास्तर गाव सोडून गेले. म्हणून टाचणी खालासमोर रोज नमाजासाठी जानमाज पसरायची, वाकायची, उठायची. जन्मभर पडद्यामागे राहिलेल्या बाईला घरी रोज प्रयोग करावे लागत.

बाहेर एकदाच बोलली, तेही फसलं. नव्या दिग्दर्शकाच्या कोटाचं माप घेताना तोंडून निघून गेलं. तो टुणकन उडालाच.

"टाचणीबाई, यावर एकपात्री करू! तुम्ही मध्यावर उभ्या, प्रकाशाचा एकच झोत, आणि तुम्ही बुरखा भिरकावता!"

"मी बुरखा घातलाय कधी?"

"प्रतीक असतं हो ते."

"प्रतीकाला हुक कुठे लावायचे सांगा, मग बघू. हात खाली घ्या, काख चुकतेय."

अशी आठ वर्षं गेली. मग खाला न्हाणीघरात घसरली. कमरेचं हाड सांधलं, पण डॉक्टरांना तिचं हृदय काही पसंत पडलं नाही. खालाला दोन्ही गोष्टींचा अर्थ लगेच कळला. महिन्याभरात तिनं स्वतःच्या कफनासाठी पांढऱ्या कापडाचा तागा काढायला लावला आणि खाटेवरून हुकूम सोडू लागली. "सरळ काप. कंजूषपणा करू नकोस, मी काही तेवढी वाळलेली नाही. आणि हे बघ, त्या दिवशी नियत नीट कर, अल्लाच्या नावानं घालतेय असं मनात धर. मनात नियत नसेल तर ती नुसती आंघोळ. तेवढी मी रोज करतेच."

टाचणीची कात्री थांबली. ओठांतल्या टाचण्या तिनं एकेक काढून डबीत टाकल्या.

"खाला, माझ्याकडून नियत व्हायची नाही. मी आता मानत नाही."

"कुणाला? डॉक्टरला? मीही नाही मानत."

"अल्लाला, खाला."

खाला तिच्याकडे बघत राहिली. दोरा ओवता येतोय का ते बघावं तशी, डोळे बारीक करून.

"कधीपासून?"

"आठ वर्षं."

"आणि ती जानमाज? रोज पसरतेस ती?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नमाज पढतात का कुठे, मूर्ख!" खाला ओरडली. मग श्वास लागला म्हणून थांबली. आणि पुढचा प्रश्न आला तो अगदी हळू. "गेलं तेव्हा दुखलं का गं?"

"कळलंच नाही. नंतर चुकल्याचुकल्यासारखं झालं. जीव घाबरा झाला की सांगायला कुणी नाही."

"मग सांगतेस कुणाला?"

"कुणालाच नाही."

"हे वाईट," खाला म्हणाली. टाचणीला वाटलं, आता रडेल किंवा शाप देईल. पण खालाचा चेहरा एकदम पालटला आणि कमरेचं दुखणं विसरून ती उठून बसली. "अगं बाई! आठ वर्षांत आपण किती बायका न्हाऊ घातल्या?"

टाचणीला हे कधी सुचलंच नव्हतं. स्वतःच्या खरेखोटेपणाची तिनं आठ वर्षं उलटतपासणी केली होती; पण ज्या बायका तिच्या हातांवर विश्वासून गेल्या, त्यांचं काय? दोघींनी बोटांच्या पेरांवर आठवलं. एकतीस. एकोणीस वेळा खाला बरोबर होती, नियत तिची; त्या सुखरूप. राहिल्या बारा.

"बेकरीवाल्याची आई. तुझ्याबरोबर कोण होतं?"

"तिची सून."

"पाचही वेळा नमाज पढते. ती झाली. ड्रायव्हरची बायको?"

"तिच्या दोन्ही मुली. पाणी त्यांनीच घातलं."

"धाकटी जरा उडाणटप्पू आहे, पण थोरली चालेल. शाळेतली घंटावाली?"

असं करत अकरा सुटल्या. उरली कोपऱ्यावरची चष्मेवाली म्हातारी, जिचं मागेपुढे कुणी नव्हतं. तिला टाचणीनं एकटीनं न्हाऊ घातलं होतं.

"खरं सांग. काय काय केलंस?"

"सगळं. उजवीकडून, तीन वेळा. कापूर घातला. केसांच्या वेण्या घातल्या. दुआ येत होती, पण म्हटली नाही. खोटी झाली असती. तिला म्हटलं, पाणी कोमट आहे हं, घाबरू नका."

खालानं ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. "तिचं मी अल्लाकडे मागून घेईन. माझं आणि त्याचं बोलणं जुनं आहे." बराच वेळ ती कापलेल्या कापडावर हात फिरवत राहिली. "पण मला तू नाही घालायची, टाचणे."

"माहीत आहे."

"न सांगतीस तर घातली असतीस. मला काय कळणार होतं?"

"कळणार नव्हतं म्हणूनच सांगितलं."

खालानं कापडाचं टोक तिच्याकडे सरकवलं. टाचणीनं मात्र त्या दिवशी कापड तिरकं कापलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आता खालाला घालणार कोण? घरातली म्हणून उरली ती भाभी, थोरल्या भावाची बायको. मनानं चांगली, हातानं धांदरट, आणि मढं निघालं की चार दारं बंद करून बसणारी. खालानं निर्णय दिला : भाभीला टाचणीनं शिकवायचं. "आणि मी जिवंत आहे तोवरच शिकवा. मागून चुका काढायला मला यायला जमणार नाही."

टाचणी नाटकातली. तिला शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती. शुक्रवारी दुपारी न्हाणीघरात लाकडी फळी टाकली, खालाला कपड्यांसकट तिच्यावर निजवलं, वरून चादर घातली, आणि भाभीच्या हातात रिकामं भांडं दिलं. खुद्द प्रेताच्या देखरेखीखाली तालीम सुरू झाली.

"भाभी, चादर आधी, भांडं मग. नजर वर."

"वर बघितलं तर हात कुठे जातोय ते कसं कळणार?"

"हाताला कळतं. उजवा खांदा. हं. आता काख."

चादर गदगदा हलली.

"खाला, हसू नका! मेलेलं माणूस हसत नाही," भाभी रडकुंडीला आली.

"अशा गुदगुल्या केल्यास तर मेलेलंही हसेल. दाबून हात फिरव, मी काही लोणी नाही."

तिसऱ्या तालमीला भाभीचा हात बसायला लागला, भीती थोडी उतरली, आणि मग तिला विचारायची सवड झाली. "पण टाचणी असताना मी कशाला? हिच्याइतकं सुरेख कुणाला जमणार?"

चादर हलायची थांबली. खाला खोटं बोलणार नव्हती आणि दुसऱ्याचं खरंही सांगणार नव्हती.

"मी आता नमाजी नाही, भाभी," टाचणी म्हणाली. "मनातून सुटलं सगळं. मी घातलेली आंघोळ खालाला चालायची नाही."

भांडं फरशीवर गडगडत गेलं. भाभीनं टाचणीचा चेहरा जवळ येऊन न्याहाळला, कुठे काही बदललंय का म्हणून. "दिसतेस तर तशीच."

"ताप नाही, मी हात लावून बघितलाय," चादरीतून आवाज आला.

भाभीनं नवऱ्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. त्याच संध्याकाळी भाऊ आला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. लहानपणी शिवणाच्या पेटीतली रंगीत रिळं चोरून टाचणीला बाहुलीसाठी आणून देणारा भाऊ.

"कुणी शिकवलं तुला हे? त्या नाटकवाल्यांनी?"

"नाही, भाईजान. आपोआप झालं."

"आपोआप दूध नासतं. माणूस नासायला कुणीतरी लागतं. हिनं या घरात राहायचं नाही, खाला."

"घर माझं आहे," खाला खाटेवरून म्हणाली. "मी अजून मेले नाही. तालीम चालू आहे फक्त."

तो हसला नाही. वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, आणि त्यानंतर तो बहिणीशी बोलला नाही.

बातमी जायची तिथे गेली. कुणी दगड मारले नाहीत. बोलावणं तेवढं थांबलं. वस्तीत बाई गेली की लोक टाचणीच्या दारावरून पुढे जात. दोघी-तिघींनी सलाम करणं सोडलं. पण एकट्या-दुकट्या गाठून विचारणाऱ्याही निघाल्या : "भीती वाटत नाही?" "आजारी पडल्यावर काय म्हणतेस?" एक जण तर, "मलाही कधी कधी..." एवढंच म्हणाली, ओढणी सारखी केली आणि भाजी घ्यायला निघून गेली.

सगळ्यांत जास्त प्रश्न खालाचे. रोज नमाज झाली की ती टाचणीला जवळ बसवायची. सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणतेस? कुणी मदत केली तर शुक्र कुणाचा मानतेस? 'त्याच माणसाचा' म्हटल्यावर खाला विचारात पडली. "म्हणजे त्यालाच म्हणावं लागतं? तोंडावर? अवघड आहे गं तुझं." ती टाचणीसाठी दुआ मागायची, अगदी मोठ्यानं, तिच्यादेखत. टाचणी शिवत शिवत ऐकायची आणि तेव्हा मशीन बंद ठेवायची.

चौदा महिन्यांनी, एका सकाळी, चहा गार दिलास म्हणून बोलता बोलता खाला गेली.

भाभी आली. पायात चप्पल उलटसुलट, ओठ पांढरे. पण दोन शेजारणींना घेऊन न डगमगता आत गेली आणि दार लावून घेतलं. टाचणी बाहेर पायरीवर बसली. बायका तिला वळसा घालून जात होत्या. आतून पाण्याचा आवाज येत होता. तो ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की आता भाभीला सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलेलं नाही. तेव्हा कुठे ती रडली.

तासाभरानं भाभी बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पुरुष अंगणात जमले होते, भाऊ घाईनं तिला काहीतरी आणायला सांगत होता. "आले," ती म्हणाली आणि टाचणीच्या शेजारी पायरीवर बसली.

"कापूर जरा जास्त झाला बहुतेक."

"चालतं तेवढं."

भाभी ओल्या बोटांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "टाचणे, एक विचारू? तुझ्या मते आता ती कुठे आहे?"

"मला माहीत नाही, भाभी. खरंच नाही माहीत." टाचणीनं नाक पुसलं. "तुमच्या मते कुठे आहे?"

"मला माहीत आहे की!" भाभी म्हणाली.

"मग सांगा ना."

अंगणातून भावाची दुसरी हाक आली. भाभीनं ती ऐकली, बाही पिळली, आणि एखाद्या ओळखीच्या घराचा पत्ता सांगावा तसं सांगायला लागली. टाचणी तिच्याकडे वळून बसली आणि मध्ये मध्ये विचारत राहिली : तिथं पोचायला किती वेळ लागतो, आणि वाटेत सोबत कुणाची असते.