मामाचं ताट वाढलं

एखादं ताट नुसतं बघायला लावून समोरच्याची लायकी काढणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! जपानच्या सहलीत मामींनी हट्टानं घेतलेलं ते भलंमोठं ताट. त्याला चिनी मातीचं म्हटलेलं मामांना खपत नाही, "जपानी म्हणा." पाहुण्यानं आधी हात धुवायचे, अंगठी काढायची, मग बघायचं. एका कडेनं शेवाळी हिरवी झिलई ओघळत येते आणि मध्येच थबकते; उरलेल्या सायीच्या रंगावर तपकिरी गवताची चार पाती, एका झटक्यात ओढलेली. "हा ओघळ कुंभारानं नाही थांबवला, भट्टीनं थांबवला," मामा कुजबुजतात. एक शेजारी म्हणाले, तुळशीबागेत असंच मिळतं. "मिळतं ना? मग चहाही तिथेच घ्या."

मामी गेल्या, त्यानंतर घराचं रंगकाम काढलं म्हणून मामा कोथरूडहून आमच्याकडे राहायला आले. ताट धोतरात गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून. तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोकळा श्वास घेतला असेल तर शपथ! कुकरची शिट्टी झाली तरी मामा कपाटाकडे धावायचे. या ताटात एकदा जेवू या म्हणून मामींनी किती विनवलं होतं, पण मामांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

मामी जुन्या वळणाच्या. बांगडी फुटली म्हणायच्या नाहीत, वाढली म्हणायच्या. पुढे त्यांच्याकडे कपबशा, बरण्या, थर्मास, सगळंच वाढायला लागलं. भाचीनं, म्हणजे आमच्या हिनंही तीच सवय उचलली.

रविवारी दुपारी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "मामा, तुझं ताट वाढलंय!"

मामांच्या हातातला पेपर गळाला.

"किती तुकडे?" मामांनी कसंबसं विचारलं.

"तुकडे कसले? अरे, जेवायला वाढलंय!"

आत जाऊन बघतो तर त्याच जपानी ताटात वरणभात, तूप, कोशिंबीर. आता काही खरं नाही, मी मनाशी म्हटलं.

"कुणी सांगितलं होतं?" मामांनी विचारलं.

"मामीनं," ही मागे हटली नाही. "जायच्या आधी म्हणाली, मला नाही तर नाही, निदान त्यांना तरी त्यात वाढ."

मामा ताटावर वाकले. वरणाचा एक ओघळ हिरव्या झिलईपाशी जाऊन थांबला होता. मग ते खाली बसले. भात कालवू लागले.

"एकदा तिला यात वाढायला हवं होतं गं," ते म्हणाले. "वाढलं असतं ताट, तर वाढलं असतं."

हल्ली मामा रोज त्याच ताटात जेवतात. घासतात मात्र स्वतःच.