पाठीवरची माती

दुपारची भाकरी पोटात गेली, वर गावविहिरीचं तांब्याभर पाणी रिचवलं, की केरबा पैलवान उघड्या अंगानं बाजेवर आडवा. पण आज बाजेखाली पाजळलेली कुऱ्हाड आहे. छातीवर मोबाईल, आणि त्यात पुढाऱ्याचा निरोप: खालच्या गल्लीनं सकाळीच गावविहिरीत विष कालवलंय, ऊन उतरलं की जीप येईल, हत्यारं घेऊन तयार राहा. रागानं कानशिलं तापलीत. तरी गड्याचा डोळा लागायचा तो लागतोच.

बाज मऊ होत जाते. आता अंगाखाली तालमीची लाल माती, आणि समोर लंगोट लावून बाबालाल वस्ताद उभे. खालच्या गल्लीतले. केरबाला कुस्ती शिकवली ती ह्यांनीच. गेल्या साली दोन गल्ल्यांच्या मारामारीत गेले. कपाळ अजून तसंच फुटलेलं, रक्त गळतंय, मातीचा चिखल होतोय.

"वस्ताद, तुम्ही तर..."

"मेलो म्हणून काय झालं? ये, सलामी दे."

केरबा वाकतो, तर वस्ताद मान दाबून त्याचं तोंड मातीत घालतात. मातीखाली बाजाररस्ता. तोच दिवस. खालच्या गल्लीनं तालमीतला मारुती फोडला असं कुणीतरी मोबाईलवर टाकलंय आणि वरची गल्ली काठ्या, पहारी घेऊन सुटलीय. हाडं मोडतायत. कुणाचा तरी कान धुळीत पडलाय. समोरून वस्ताद हात वर करून येतायत, अरे मारुती जागेवर आहे, आत्ता शेंदूर लावून आलोय. पहार खाली येते.

"तालीम तुझ्या दारासमोर," मानेवरचा हात न काढता वस्ताद म्हणतात. "एकानं तरी आत डोकावलं का रं?"

केरबा तोंडातली माती थुंकतो.

"एवढे डाव शिकवले तुला. आणि त्या मोबाईलवरच्या पुढाऱ्यानं हात न लावता चीत केलं."

"ह्या खेपेला खरंच विष घातलंय, वस्ताद. विहिरीत."

"मग भाकरीवर काय प्यालास?"

वस्ताद हसतात, दात रक्तानं लाल. कुस्तीआधी लावतात तशी मूठभर माती त्याच्या पाठीवर थापतात, अशी जोरात की केरबा धडपडून उठतो.

सोनाबाई, त्याची बायको, दारातून बघतेय. "पाठीला लाल माती कुणी थापली हो? पाची बोटं उमटलीत."

बाहेर जीपचा हॉर्न. पोरं हाका मारतायत. केरबा कुऱ्हाडीकडं बघतो, मग रांजणातून तांब्या भरून घेतो आणि तसाच उघडा जीपपुढं जाऊन उभा राहतो. सगळ्यांदेखत अर्धा तांब्या गटागटा पितो. उरलेला पुढं करतो.

"गावविहिरीचंच आहे, आज दुपारी शेंदलेलं. कोण पितंय?"