महाकालीचा पांगुळगाडा

हे लिहायचं मी तीस वर्षं टाळलं. सांगायचं मात्र कधी टाळलं नाही, आणि तीच खरी अडचण आहे. आमच्या भजनी मंडळात दर पौर्णिमेला कोणीतरी आपला अनुभव सांगतो. कोणी नवा माणूस आला की मंडळी माझ्याकडे बोट दाखवतात, "यांना विचारा, यांच्या दारात माय स्वतः येऊन गेली." मग मी सांगतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, माझेही येतात. त्या अनुभवात देवीची कृपा होती हे मी आजही नाकारत नाही. पण माझ्या तोंडून तो जसा बाहेर पडतो तसा तो घडला नव्हता. आता वय चौऱ्याहत्तर झालं. ज्या दोघांशी खरं बोलायला हवं होतं ती दोघंही राहिली नाहीत. निदान कागदावर तरी सरळ लिहावं, म्हणून बसलो आहे.

मी चंद्रपूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मुलगी मंदा आठ वर्षांची असताना नागपूरहून आलेले एक सर शाळेच्या सिमेंटच्या पटांगणावर मुलांना स्केटिंग शिकवू लागले. मी रोज मंदाला घेऊन जायचो आणि पायरीवर बसून तिच्या चपला सांभाळायचो. दोन महिन्यांनी मला राहवेना. त्रेचाळीसाव्या वर्षी मी बुटांखाली चाकं बांधली. कचेरीतले लोक खिडकीतून पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काऊन साहेब, स्कूटर विकली का?" वेगात पळणं मला कधी जमलं नाही. पण सर हुशार होते. त्यांनी मला खडूनं जमिनीवर एक मोठं वर्तुळ काढून दिलं आणि एका पायावर तोल धरून त्या रेघेवरून फिरायला शिकवलं. पुढे दोन वर्तुळं एकमेकांना चिकटवून आठचा आकडा. एक फेरी डाव्या पायावर, एक उजव्या. घाई केली की रेघ सुटते, खाली पाहिलं की तोल जातो. मी प्रत्येक फेरीला देवीचं नाव घ्यायचो. देवळातल्या प्रदक्षिणेत माझं मन कधी इतकं जागेवर राहिलं नाही, जितकं त्या सिमेंटवर राहायचं.

चाकांची डागडुजी सत्तारभाई करायचे. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानामागे दोन खोल्यांचं घर. स्केट्स त्यांनी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी बूट उलटा करून, चाकं फिरवून, कानाशी लावून ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, आदमीले दोन पाय पुरत नाई का? आठ चाकं लावून कुठी जाऊन राह्यले?" त्यांच्या पत्नी बिल्कीसभाभी आतून हसल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या ना त्यांना. तुम्ही तर दोन पायावरबी घरी टाइमावर येत नाई." पण सत्तारभाईंचा हात असा, की वर्षभरात आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या चाकाचा आवाज त्यांना ओळखू यायचा. बुटाखाली चाकांची जोडी एका मोठ्या नटानं धरलेली असते. तो नट कसला की सत्तारभाई त्यावरून खाली पट्टीपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायचे. नट जरा हलला तरी रेघ तुटते आणि पाहणाऱ्याला कळतं. मुलांना ते सांगायचे, "रेघ तुटली दिसली का चाकावर चढाचं नाई. सीधा माझ्याकडे याचं."

त्या वर्षी आमच्या शारदोत्सवात मी स्केट्सवर आरती करावी असं ठरलं. हातात तबक, मूर्तीसमोर आठचा आकडा. मंडपाची जागा लहान होती, माझी वर्तुळं मोठी. तो मोठा नट थोडा सैल केला की बूट पटकन वळतो, हे आम्हा स्केटिंगवाल्यांना माहीत असतं. सत्तारभाईंनी आदल्या दिवशीच सगळे नट कसून रेघा ओढून दिल्या होत्या. मी दुपारी घरी पाना घेऊन बसलो आणि डाव्या बुटाचा नट सैल केला. रेघ तुटली. बूट घालून वळून पाहिलं, अजून नीट वळेना, आणखी सैल केला. मनात देवी नव्हती. लोक काय म्हणतील, किती कौतुक करतील, एवढंच होतं.

दुसऱ्या फेरीला चाकांची जोडी निसटली. तबक कुठे गेलं माहीत नाही. डाव्या पायाची नडगी घोट्याच्या वर मोडली, तो आवाज मी आधी ऐकला आणि दुखलं नंतर. लोक धावले. मंदा रडत होती. मंडळाच्या कोणीतरी निसटलेलं चाक उचलून विचारलं, "हे कसं काय झालं?" मी जमिनीवर पडलेलो होतो, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, आणि मी म्हणालो, "सत्तारनं नट कसला नसेल."

त्यांना मी नेहमी सत्तारभाई म्हणायचो. त्या दिवशी ‘भाई’ही गळून पडला.

ते एक वाक्य पुरलं. कोणी भांडण केलं नाही, दगड मारला नाही. फक्त मुलांच्या स्केट्स त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या, मग सायकली बंद झाल्या. ‘हात ढिला झाला त्याचा’ असं आया एकमेकींना सांगू लागल्या. मी प्लास्टरमध्ये पलंगावर पडून हे सगळं बायकोकडून ऐकत होतो. सत्तारभाई एकदा दारापर्यंत आले होते. मी झोपलो आहे असं सांगायला बायकोला सांगितलं. संक्रांतीच्या सुमारास कळलं, दुकान बंद करून ते बिऱ्हाड कुरखेड्याला, भाभींच्या माहेरी हलवताहेत.

माझं प्लास्टर निघालं, पण मी उठेना. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला, हाड उत्तम जुळलं होतं. ते म्हणाले, आता पाय टाका. कुबड्या आणल्या. पाय जमिनीला लागायच्या आधीच मी परत पलंगावर बसायचो. असे तीन आठवडे गेले. रजा संपत आली होती. बायको रोज सकाळी हाताला धरून म्हणायची, "उठा ना जी थोडेसे. दारापर्यंत तरी चला." मी तिच्यावर ओरडायचो. एका सकाळी ती उपास धरून महाकालीच्या देवळात गेली, आणि एकटा असताना मी देवीला नको ते बोललो. म्हणालो, तुझ्या नावानं फिरत होतो, तूच मोडलंस, आता तूच उभं कर, नाहीतर पुन्हा तुझं नाव घेणार नाही. हे बोलताना मला माहीत होतं कोणी काय मोडलं. तरी बोललो.

बायको देवळातून परतली तेव्हा दारात एक वस्तू उभी होती. सायकलच्या नळ्या कापून, जोडून केलेली कमरेएवढी चौकट. धरायला सायकलच्या मुठी, खाली चार स्केटची चाकं. लहान मुलांना चालायला शिकवायचा पांगुळगाडा असतो ना, तसाच, पण मोठ्या माणसाच्या मापाचा. शेजारच्या वत्सलाबाई ओट्यावरूनच ओरडल्या, "अवं, एक बाई ठेवून गेली. काळ्या कपड्यातली. मी आवाज देल्ला, तर वळूनबी नाई पाह्यलं!"

बायकोच्या हातात कुंकवाची पुडी होती. ती तिथेच दारात हात जोडून उभी राहिली. "माय आली होती," ती म्हणाली. "अहो, माय आली होती."

गाडा तिनं माझ्या पलंगाशी आणला. मी वाकून पाहिलं. चारही चाकांच्या नटांवर लाल बारीक रेघ होती. काळ्या बुरख्यातली बाई कोण, हे मला त्याच क्षणी कळलं. एसटी स्टँडकडे जाता जाता भाभी तो ठेवून गेल्या होत्या. बायको माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "हो. मायच असणार."

त्या गाड्याला धरून मी उभा राहिलो. हे मात्र जसं सांगतो तसंच घडलं. मुठी धरल्या, चाकं हलली, आणि पायांना काहीतरी आठवलं. मला भीती जमिनीची होती, चाकांची नव्हती. डॉक्टरांना, बायकोला, मलासुद्धा जे कळलं नव्हतं ते त्या माणसाला दुकानात बसून कळलं होतं. चाकं त्यांनी मुद्दाम जड ठेवली होती, गाडा पुढे पळू नये म्हणून. त्या दिवशी दारापर्यंत गेलो, आठवड्यात कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं. होळीपर्यंत हातात नुसती काठी राहिली, आणि पावसाळ्याआधी मी मंदाचा हात धरून खडूच्या वर्तुळावर एक हळू फेरी मारली. लोकांनी त्या गाड्याला हार घातला, महाकालीचा पांगुळगाडा असं नाव दिलं. पुढे तो भजनी मंडळाच्या खोलीत ठेवला. अजून आहे. पाय मोडलेली, अंगावरून वारं गेलेली माणसं त्याला हात लावून जातात, आणि त्यांना बरं वाटलं तर मला त्याचा आनंदच आहे.

वर्षं गेली. मंदाचं लग्न झालं. तिच्या सासरच्या एका कामानं मला वडशाला जावं लागलं, आणि तिथून कुरखेडा दूर नाही. मी मनाशी ठरवूनच एसटीत बसलो. बाजाराच्या रस्त्याला सत्तारभाईंचं छोटं दुकान सापडलं. सायकली, धानावर फवारायचे पंप, शिवणयंत्रं, सगळं दुरुस्त करत. केस पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "थांबा. चालून दाखवा आधी."

मी त्यांच्या दुकानासमोर रस्त्यावर चार पावलं टाकली. ते आत वळून ओरडले, "अगं ये, बाहेर ये! भाऊ आले! पाह्य, कसे चालून राह्यले!"

भाभी पदराला हात पुसत आल्या. माझ्या पायाकडे पाहून त्यांनी तोंडाला हात लावला, मग म्हणाल्या, "मी म्हणलं होतं ना यांले, चाकं अजून जड करा, भाऊ घाईचे आहेत." आणि हसल्या. चहा आला, भजी आली. मंदाची चौकशी झाली. मी पेला खाली ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं. पण सत्तारभाईच आधी बोलले. आवाज खाली आला होता.

"भाऊ, एक गोष्ट मले खाते. त्या दिवशी मी नट कसला, रेघ मारली, असंच मले वाटते. पण सारे म्हणत होते का कसला नाई. तुम्ही झूठ कायले बोलसान? मंग मीच इसरलो असन. हात तोच, पण ध्यान नसन. तुमचा पाय माझ्यानं मोडला. माफ करा भाऊ."

भाभी खाली पाहत होत्या. वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते बोलायला एक श्वास पुरला असता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या सत्तारभाई. झालं गेलं."

मी त्यांना माफ केलं. असा मी माणूस आहे.

त्यांचं ओझं हलकं झालं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते मला कोपरातून धरून स्टँडपर्यंत सोडायला आले, खिडकीची जागा धरून दिली. पुढे तीन वर्षांनी कुरखेड्याचा एक शिक्षक मंडळात आला होता, त्याच्याकडून कळलं की आधी भाभी गेल्या आणि वर्षाच्या आत सत्तारभाईही.

मी महाकालीसमोर अनेकदा बसलो. तिनं मला कधी रागावल्याचं जाणवलं नाही, हेच मला जड गेलं. माझ्या शिव्यांच्या सकाळीच तिनं गाडा पाठवला, आणि तो ज्याच्या हातांनी घडवला आणि जिच्या हातांनी दारात ठेवला, ती माणसं तिनं विचारपूर्वक निवडली असं मला आता वाटतं. वत्सलाबाई आणि माझी बायको चुकल्या नव्हत्या. काळ्या कपड्यातली बाई खरोखर आली होती. तिला नाव होतं आणि ते नाव मी गिळलं, एवढंच. शरण जायचं म्हणजे सगळं देवीवर सोपवायचं, असं मी पौर्णिमेला लोकांना सांगत आलो. ते अर्धंच आहे. आपल्या हातून जे घडलं ते आधी आपल्या हातात धरून तिच्यासमोर उभं राहावं लागतं. रिकाम्या हातांनी शरण जाणं सोपं असतं, मी ते तीस वर्षं केलं. येत्या पौर्णिमेला हा कागद मंडळात वाचून दाखवणार आहे. त्यानंतर गाड्याला हार घालायचा की नाही, ते मंडळी ठरवतील. मी घालणार आहे.

त्या दिवशी कुरखेड्याहून एसटी सुटली तेव्हा सत्तारभाई स्टँडवर हात वर करून उभे होते. मीही हात हलवला. दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं आणि मग ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआप निघालं, आणि वडशापर्यंत निघतच राहिलं. सत्तारभाई, तुमचं काम चोख होतं. नट मी सैल केला, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा. भाभी, तुम्हीपण. शेजारी बसलेला माणूस डुलकीतून जागा झाला आणि म्हणाला, "काई म्हणलं का भाऊ मले?"

मी म्हणालो, "नाही."