राजाने माणसं मागितली

दुबईत, अल क्वोजमधल्या गोदामांच्या रांगेत आमच्या वृत्तपत्राचं ऑफिस होतं. विभागात प्रमुख आणि आम्ही तिघे. २००८च्या अखेरीस जाहिराती आटल्या. दोघांना काढायचं ठरलं आणि कोणाला, हे ठरवून वर कळवायचं काम प्रमुखांकडे आलं. ते मूळचे रत्नागिरीचे, माझ्याशी मराठीत बोलणारे.

त्याच आठवड्यात जेवताना, वृत्तपत्राची पानं लावणाऱ्या जर्मन सहकाऱ्याने त्यांच्याकडच्या मध्ययुगीन वीरगाथांमधल्या एका राजाची गोष्ट सांगितली. शत्रूने त्याचे सरदार पकडले आणि विचारलं, राज्य हवं की माणसं? राजाने माणसं मागितली आणि परक्या राजाच्या आश्रयाला गेला.

"राज्य परत मिळालं?" प्रमुखांनी विचारलं.

"मिळालं. तीसेक वर्षांनी."

"खलास! तोवर माझे गुडघे जातील."

आम्ही हसलो. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःचा राजीनामा दिला. त्यांच्या पगारात दोघे बसत होते.

त्यांची मुलगी दहावीला होती. बायको-मुलगी त्यांच्याच व्हिसावर, घर कंपनीचं. परीक्षा होईपर्यंत दोन्ही राहू देऊ, असं एचआरच्या मॅनेजरने सांगितलं. तोंडी. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय साधी अपघाताची बातमी न सोडणाऱ्या आमच्या प्रमुखांनी तो शब्द लिहून घेतला नाही. आम्हीही सुचवलं नाही. जानेवारीत तो मॅनेजरच कपातीत गेला. नव्या माणसाला फाइलमध्ये फक्त राजीनामा दिसला. व्हिसा रद्द झाला.

आवराआवर चालू असताना आम्ही त्यांच्या घरी गेलो.

"भाभी, तिला आमच्याकडे ठेवा," माझी बायको म्हणाली. "व्हिजिट व्हिसा काढू."

"यांनी ऑफिसची माणसं सांभाळली," भाभी भांडी कागदात गुंडाळत म्हणाल्या. "आता घरातलं माणूस लोकांनी सांभाळायचं?"

"मम्मी, प्लीज, स्टॉप," मुलगी म्हणाली. प्रमुख खोक्याला टेप लावत राहिले.

ते गेले. मुलीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी रत्नागिरीत, नव्या शाळेत, तिने पुन्हा दहावी केली.

आमचा विभाग २००९च्या उन्हाळ्यातच बंद झाला. तिघांनाही काढलं. जर्मन सहकारी म्हणाला, प्रमुखांना तू कळव. मी फोन केला. तिघांचंही सांगितलं.

"पोरीला सांगू नकोस," ते म्हणाले.