वाऱ्यासोबत येणारा लॅग

मालेगावच्या रस्त्यालगत आमचं घर आहे आणि घरामागेच वांग्या-मिरच्यांची वाडी. त्या वर्षी धाकटी बहीण मोबाइलवर ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलींच्या एका संघात होती. खेळ रंगात आला की तिचा खेळाडू जागीच गोठायचा आणि पुन्हा हलेपर्यंत मेलेला असायचा. संघाच्या कप्तान मुलीने कळवलं होतं: रविवारच्या सामन्यात हेच झालं तर तुझ्या जागी दुसरी घेऊ.

वारा सुटला की हा लॅग, म्हणजे खेळाचं अडकणं, वाढतो, हे बहिणीनेच हेरलं होतं. त्यामुळे घरात सगळ्यांनी दोष खांबावरून येणाऱ्या केबलला दिला. इंटरनेटवाल्याने केबल ताणून बांधली, जोड बदलून दिला. फरक पडला नाही.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप वायरने राउटरला जोडून तपासलं. राउटरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, स्थिर होता. त्याच्या पुढचा मधूनच एकदम वाढत होता. केबल तर नीट करून झाली होती; म्हणजे घरातलंच काहीतरी त्याच वाटेने बाहेर भरपूर पाठवत असावं. बाजूच्या बाजेवर वडील बसले होते. त्यांचा खिसा सारखा घरघरत होता.

"बाबा, तुमचा फोन काहून थरथरून राह्यला?"

"वाडीतला कॅमेरा व्हय तो. काही हललं का सांगते. आवाज म्याच बंद केला, डोकं उठते."

"पाहा बरं, काय हललं त."

रानडुकरांवर नजर ठेवायला बसवलेल्या त्या कॅमेऱ्याने पाठवलेल्या सगळ्या व्हिडिओंत एकच आकृती होती: आईचं जुनं लुगडं नेसवलेलं बुजगावणं. वाऱ्याने पदर उडाला की कॅमेरा चित्रण करून इंटरनेटवर चढवत होता, आणि तेवढा वेळ खेळाला वाटच उरत नव्हती.

"तुमच्या त्या बाईनं मले मारलं, बाबा!" बहीण म्हणाली.

"तिनं नाही, तुह्या मायच्या लुगड्यानं."

बुजगावणं काढायला मात्र ते तयार होईनात. "डुकरं आली त तू जाशीन काय हाकलायले?"

शेवटी कॅमेराच कुंपणाकडे वळवला. वारा चालूच होता. पिंग जागचा हलला नाही.

संध्याकाळचा सामना संघ हरला. बहीण शेवटपर्यंत टिकली. थोड्या वेळाने कप्तानचा निरोप आला: "पुढच्या बी मॅचले तूच." तिने तो दोनदा वाचला, फोन चार्जिंगला लावला आणि सकाळपासून नको म्हणत असलेली भाकरी मागून घेतली.