अव्वाचं येसर आणि मटणाचा पाय

आम्ही शिरूर अनंतपाळहून निघालो त्या दिवशी उदगीरची एसटी दीड तास उशिरा आली. निरोपाचं सगळं बोलणं पहिल्या दहा मिनिटांतच संपलं होतं. उरलेला वेळ आप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, शिवराज आणि मी स्टँडच्या बाकावर नुसते बसून राहिलो. आप्पांनी त्या दिवशी किराणा दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. ते दर पाच मिनिटांनी उठायचे, रस्त्याकडं बघायचे आणि परत येऊन बसायचे. अव्वाच्या मांडीवर येसराची, म्हणजे घरच्या आमटीच्या पिठाची, पुडी होती. ती तिनं गाडी दिसेपर्यंत माझ्या हातात दिली नाही.

गाडीत चढताना आप्पा म्हणाले, "कुठंबी ऱ्हावा, खाण्यापिण्याचं तेवढं जपा."

आमचं घर लिंगायताचं. आप्पांच्या गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. शिवराज, माझा नवरा, लोह्याचा. नांदेडला एका दूध डेअरीत सुपरवायझर होता, पण पगार तीन-तीन महिने अडकायचा. म्हणून त्यानं न्यूझीलंडच्या दक्षिणेकडं एका गोठ्यावर काम शोधलं. सहाशे गायी आणि चार माणसं. जिथं गेलो ते गाव शिरूरपेक्षाही लहान. एक शाळा, एक पेट्रोल पंप, एक बेकरी.

बेकरी चान्ना नावाच्या बाईची होती. ती कंबोडियाची. लहानपणी युद्धातून पळून आलेली, आता साठीची. तिच्या दारावर 'मदतनीस पाहिजे' असा कागद होता. तो मी आठवडाभर येता-जाता वाचला आणि मग आत शिरले. ती म्हणाली, "पाय करता येतो?" मी म्हटलं, "शिकेन." पाय म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं.

तुमच्यासाठी सांगते. तळहाताएवढी मैद्याची वाटी, तिच्यात शिजवलेलं मांस दाट रश्शासकट भरायचं, वरून पापुद्रे सुटणारं झाकण लावायचं आणि भाजायचं. झाकण म्हणजे आपल्या नांदेडच्या बेकरीतली खारीच समजा. तिथली माणसं तो हातात धरून उभ्याउभ्या खातात, ट्रकवाल्यापासून शाळामास्तरापर्यंत. आपल्याकडं वडापाव तसा.

पहिल्या दिवशी मांसाचा ट्रे उचलला आणि तसाच खाली ठेवला. मागच्या दारात जाऊन उभी राहिले. चान्ना बाहेर आली. रागावली नाही. म्हणाली, "आम्ही पळून आलो, तुम्ही तिकीट काढून आलात. पण पीठ दोघींनाही सारखंच मळावं लागतं." मी आत गेले. त्यानंतर रोज जात राहिले.

वास ओळखायला शिकले. मांस कधी मऊ झालं ते चमच्याला कळतं, तोंडाला कळायची गरज नसते. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर खालची वाटी ओली होऊन फाटते, हे तीन ट्रे वाया गेल्यावर शिकले. लोणी पिठाच्या घडीत कसं कोंडायचं ते शिकले. चव मात्र एकदाही घेतली नाही. मीठ-तिखट चान्नाच बघायची. खाण्यापिण्याचं मी जपलं होतं, शब्दाला धरून बघितलं तर.

घरी फोनवर सांगितलं होतं की बेकरीत आहे, ब्रेड, बिस्किटं, केक करायलेय. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

एकदा चान्नाचं रस्सा दाट करायचं कॉर्नफ्लॉवर संपलं. बाहेर धो-धो पाऊस आणि मालाचा ट्रक आला नव्हता. माझ्या डब्याच्या पिशवीत येसर होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजून कुटलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते, आपोआप दाट होते. मी दोन मुठी रश्शात टाकल्या. चान्नानं चमचा तोंडात घातला, परत बुडवला आणि पुन्हा चाखला. मग म्हणाली, "हे कोण करतं?"

"माझी आई."

"तू ह्याचा पाय स्वतः विकायला पाहिजेस. माझ्या दुकानात नाही. तुझं म्हणून."

तिथं दर शनिवारी गावाच्या मैदानावर बाजार भरतो. चान्नानं तिचं स्वयंपाकघर शुक्रवारी दुपारनंतर मला वापरू दिलं. शिवराजनं पाय गरम ठेवायची एक जुनी पेटी दुरुस्त केली. पहिल्या शनिवारी चाळीस पाय नेले, अकरा वाजता संपले. दुसऱ्या शनिवारी साठ नेले, तेही संपले. लोक रांगेत उभे राहून विचारायचे, ह्यात काय आहे? मी म्हणायचे, "लातूर." ते म्हणायचे, "ते काय असतं?" एवढ्या दमणुकीतही मला त्या दिवसांत हसू यायचं.

अव्वाला फोन केला की येसर जास्त पाठव. पुढं आणखी जास्त. ती विचारायची, "एवढं येसर लागतंय कशाला गं? दोन माणसं तुम्ही!" मी सांगायचे, इथल्या आपल्या लोकांना आवडतं, त्यांना वाटून देते. आपल्या लोकांची दोनच घरं होती तिथं, आणि त्यातलं एक आमचं. ती खूश व्हायची. "आपलं येसर तिकडं खायलेत," असं शेजारणींना सांगायची. आप्पा लातूरला जाऊन पार्सल टाकायचे.

तीन महिन्यांनी काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. कधीमधी विकायचं असेल तर ठीक, पण दर आठवड्याला विकायचं तर रीतसर नोंदणी करा. फॉर्ममध्ये प्रत्येक जिन्नस कुणाकडून घेता ते लिहायचं होतं. मटण: अमुक खाटीक. मैदा: अमुक गिरणी. लोणी: अमुक डेअरी. मसाला: आणि तिथं माझा पेन थांबला. 'लॅम्ब पाय' असं वर लिहिलेल्या कागदावर मला अव्वाचं नाव लिहायचं होतं.

फॉर्म तसाच टेबलावर ठेवून मी फोन लावला. शिरूरला सकाळ होती. अव्वा म्हणाली, "ह्या खेपेला जरा उशीर होतोय. उजवं मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणतेत कुटू नका. पण मी थोडं थोडं कुटायलेय, तुझ्यासाठी."

"मिक्सरला का लावत नाहीस?"

"त्याला ती चव न्हाई येत."

मग मी सांगितलं. पाय म्हटलं तर तिला आधी कळेचना. "पाय? कुणाचा पाय?" मी म्हटलं, तसा पाय नाही, खारीसारखं असतं, पण आत मटण असतं. तुझं येसर त्यात जातं, अव्वा. पहिल्यापासून त्यातच जातंय. मी खात नाही, पण करते मीच.

उखळाजवळ ठेवलेल्या तिच्या रेडिओचा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला.

नंतर सोळा दिवस ती फोनवर आली नाही. आप्पा उचलायचे. "देवळात गेलीय." "निजलीय." त्यांना कळलंय की नाही, हे मला त्यांच्या आवाजावरून कळायचं नाही. त्या दोन शनिवारी मी स्टॉल लावला नाही. शिवराज म्हणाला, "तू पाप केलं न्हाईस. पोटासाठी केलंस." मी म्हटलं, "पोट तर बेकरीच्या पगारावर भरत होतं." तोही रोज सहाशे गायींचं दूध काढून आलेला असायचा. आम्ही दोघं त्या वर्षात एकमेकांशी भांडण्याइतकेसुद्धा ताजे नव्हतो.

सतराव्या दिवशी अव्वाचाच फोन आला. विचारपूस काही नाही.

"वही हाय का जवळ?"

"हाय."

"माझ्या हातचं कुटलेलं त्यात जायचं न्हाई. ते मला जमणार न्हाई. पण तू कुटशील तर तुझी तू मुखत्यार. लिहून घे."

मी लिहून घेतलं. ज्वारी कोरडी भाजायची, तडतडेपर्यंत. डाळ वेगळी, धने वेगळे, एकत्र भाजलं तर फसतं. मिरच्या सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. दगडफूल चिमूटभर, जास्त झालं की कडवट. सांगताना तिचा आवाज हळूहळू पहिल्यासारखा झाला. शेवटी म्हणाली, "आणि घाई करू नको. घाई केलीस की कच्चं ऱ्हातंय." फोन ठेवला. तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं मला येसर शिकवलं, एवढंच खरं.

पहिली खेप करपली. दुसरी कच्ची राहिली. तिसरी जमली, चान्नानं मान हलवली. पण ती जमवायला मला एक पूर्ण दिवस भाजायला आणि एक दिवस कुटायला लागला. मग मी पहिल्यांदाच धंद्याचा नीट हिशोब मांडायला बसले. मटण शिजून आटतं, लोणी महाग, बाजाराचं भाडं, नोंदणीची फी, पावसाचा शनिवार गेला की उरलेले पाय फेकायचे. तरी कागदावर थोडं काही उरत होतं. चान्नानं माझ्या खांद्यावरून कागद बघितला आणि विचारलं, "तुझे तास धरलेस?"

नव्हते धरले. धरले तर काहीच उरत नव्हतं, उलट खिशातून जात होतं. मग माझ्या ध्यानात आलं की पहिल्या तीन महिन्यांत जो फायदा दिसत होता तो कुठून येत होता. तो अव्वाच्या मनगटातून येत होता. तिचे तास कुणीच धरले नव्हते. तिनंसुद्धा नाही.

ज्यांच्या मनात अशा धंद्याचं आहे आणि जे मला मेसेज करून विचारतात, पाय विकून भागतं का, त्यांना एवढंच सांगते: लोक खातील, रांग लागेल, कौतुक होईल. पण मागं फुकट कुटणारं कुणी नसेल तर एकटीच्या स्टॉलवर भागत नाही. मोठा ओव्हन आणि चार माणसं असली तर गोष्ट वेगळी. माझ्याकडं ती हिंमत नव्हती, आणि आता ताकदही नाही. मी स्टॉल बंद केला. चान्ना फक्त शुक्रवारी तिच्या दुकानात तो पाय ठेवते आणि येसर कुटायच्या तासांचे मला वेगळे पैसे देते. पाटीवर नाव आहे 'येसर पाय'. तिथली माणसं त्याला 'यासर' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात सहा वर्षांनी शिरूरला गेले. शिवराजला रजा मिळाली नाही, एकटीच गेले. अव्वाच्या मनगटाला पट्टा होता. भाकरी थापणं तिचं सुटलं होतं. शेजारची एक बाई येऊन थापून जायची. मी दोन दिवस स्वयंपाकघराच्या दारातच वावरले. भाजी निवडून द्यायचे, भांडी पुसायचे, पण चुलीकडं गेले नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी ये असंही म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा दुकानातून आले, पाय धुतले आणि पाटावर बसले.

"त्या बाईला आज येऊ नको म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "तवा ठेव. भूक लागलीय."

"आप्पा, माझे हात…"

"धुतलेस न्हवं?"

"धुतले."

"मग थाप की."

मी थापल्या. सहा वर्षांत भाकरी थापली नव्हती, पहिली तव्यावर टाकताना फाटली. आप्पांनी तीच घेतली. मान खाली घालून दोन भाकरी खाल्ल्या, ताकाची वाटी संपवली आणि दुकानात गेले. पुढं ह्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही.

अव्वा त्या दिवशी जेवली नाही. उपास आहे म्हणाली. वार कुठला, कसला उपास, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तिनं भाकरी घेतली नाही, आदल्या दिवशीचा भात खाल्ला. मी भाकरी करत राहिले. मला रुसायचा कंटाळा आला होता, समजूत काढायचाही. परतीला तीन दिवस होते.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली. टोपल्यातली एक भाकरी डाव्या हातानं घेतली, मोडली, पिठल्यात बुडवून खाल्ली. सावकाश चावत होती. मी तव्याकडंच बघत राहिले.

"कड जाड राहिलीय गं," ती म्हणाली.

मी परत आले. शुक्रवार येतो, मी भाजते, कुटते, वाटीत मांस भरते आणि घरी येऊन वरण-भात खाते. घर इथलं की तिथलं, हे ठरवायचं मी सोडून दिलंय. एवढं कळलंय, की जिथं माझ्या हातची भाकरी खाऊन तिला नावं ठेवणारं माणूस अजून आहे, तिथं जायला मला कारण सांगावं लागत नाही.